परसबागेतील मावा : आधी निरीक्षण, मग उपाय

थंडीच्या दिवसांत आभाळ दोन-चार दिवस ढगाळ राहिले की परसबागेतील कोबी, मुळा, वाल, चवळी यांच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसू लागतो. हिरवट, पिवळसर वा काळपट रंगाचे हे मृदू कीटक पानांच्या खालच्या बाजूस दाटीने बसून रस शोषतात. पाने आकसतात, वाढ खुंटते. त्यांच्या शरीरातून स्रवणाऱ्या चिकट, गोड द्रवावर काळी बुरशी चढते. काही विषाणूजन्य रोगांचा प्रसारही मावा करतो.

माव्याची मादी नराविनाच थेट पिलांना जन्म देते आणि ही पिलेही अल्पावधीत प्रसवू लागतात. प्रादुर्भाव असा झपाट्याने वाढत असल्याने विषारी औषध फवारण्याचा मोह होतो. परंतु शाळेच्या परसबागेतील भाजी मुलांच्या दुपारच्या आहारात जाते. घरच्या परसातील भाजी तर खुडली त्याच दिवशी शिजते. औषधाचा अंश निघून जाण्यास लागणारा अवधी येथे मिळत नाही.

मित्रकीटकांची ओळख

अशा फवारणीत माव्याबरोबर त्याचे नैसर्गिक शत्रूही मरतात. मावा लवकर परततो. मित्रकीटक मात्र सावकाश येतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा सर्वांच्या परिचयाचा असतो. त्याची अळी मात्र करडी, लांबट व काटेरी दिसते आणि कीड समजून चिरडली जाते. वस्तुतः हीच अळी आपल्या आयुष्यात शेकडो मावा फस्त करते. केसासारख्या बारीक देठांवर उभी असलेली पांढुरकी अंडी क्रायसोपाची असतात. त्याच्याही अळ्या मावा खातात. फुगलेला, तपकिरी, निश्चल मावा दिसला, तर त्याच्या शरीरात परोपजीवी गांधीलमाशी वाढली असे समजावे.

सोपे उपाय

प्रादुर्भाव थोडा असता शेंडे खुडून नष्ट करावेत किंवा पाण्याच्या जोरदार धारेने मावा धुऊन काढावा. मुंग्या गोड द्रवासाठी माव्याचे रक्षण करतात. म्हणून त्यांची ये-जा रोखावी. युरियाचा अतिरेक टाळावा, कारण लुसलुशीत वाढीवर मावा अधिक येतो. कोबीच्या वाफ्याभोवती मोहरीची ओळ पेरल्यास मावा तिकडे आकर्षित होतो. कोथिंबीर, बडीशेप यांची थोडी झाडे फुलू दिल्यास मित्रकीटकांना मध व पराग मिळतो.

एवढ्याने न भागल्यास पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. वाळलेल्या निंबोळ्यांची 500 ग्रॅम भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्याने गाळावी. त्यात 20 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण द्रावण 10 लिटर करावे. ते त्याच दिवशी, सायंकाळी, केवळ कीडग्रस्त झाडांवर व पानांच्या खालच्या बाजूस फवारावे. भाजी नेहमीप्रमाणे स्वच्छ धुऊन घ्यावी.

पावसाळ्याच्या तोंडावर गावोगावी निंबोळ्यांचा सडा पडतो. पंचायतीने त्या वेळी त्या गोळा करून वाळवून ठेवल्या आणि शिक्षकांनी आठवड्यातून एकदा मुलांना पान उलटून पाहावयास शिकविले, तर परसबागेचे रक्षण गावातच, अल्प खर्चात होईल. ढालकिड्याची अळी ओळखणारे मूल ती चिरडणार नाही.