तुमचा भोवरा किती गुच्चे सोसेल?

दोस्तांनो, तुमच्या खिशात किंवा दप्तरात भोवरा आहे का? असला तर काढा बाहेर. लाकडी असो, प्लास्टिकचा असो, नाहीतर लाँचरमधून सुटणारा बेब्लेड असो, आज त्याची परीक्षा घ्यायची आहे. आणि परीक्षेतला पहिलाच प्रश्न अवघड आहे बरं का : चांगला भोवरा म्हणजे नेमका कसा?

चौथीत असताना मला हा प्रश्न अगदीच सोपा वाटायचा. जास्त वेळ फिरतो तो चांगला, त्यात काय एवढं! आमचं गाव सेलू तालुक्यातलं, दुधना नदीच्या काठचं. परभणीला हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो. तिथून वडिलांनी मला भोवरा आणला. लाल-पिवळे पट्टे, गुळगुळीत अंग आणि सुईसारखी टोकदार आर. (आर म्हणजे खालचा खिळा आणि जाळी म्हणजे गुंडाळायची दोरी. हे शहरातल्या दोस्तांसाठी सांगितलं.) जाळी गुंडाळून फेकला की तो जागच्या जागी असा उभा राहायचा, की फिरतोय की नाही तेच कळू नये. 'भोवरा झोपला' म्हणतात ना, तसा!

आमच्या शिवारातली काळी माती भोवऱ्याच्या कामाची नाही. पावसाळ्यात चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. खेळ चालायचा तो गावातल्या पांढऱ्या, टणक मातीवर, मारुतीच्या पारापुढं. रिंगण आखायचं, हरलेल्याचा भोवरा मधोमध ठेवायचा आणि बाकीच्यांनी आपापला भोवरा फेकून नेमका त्याच्या अंगावर आदळायचा. आर लागून जो खळगा पडतो, तो गुच्चा.

त्या दिवशी माझी जाळी हातातून निसटली आणि भोवरा आडवा पडला. झालं, माझा उरुसातला भोवरा रिंगणात! पहिल्या दोन गुच्च्यांनी रंग उडाला. तिसरा बसला बरोबर डोक्यावर. 'टक्' असा आवाज झाला आणि भोवऱ्याची उभी दोन शकलं झाली. आणि ज्याच्या भोवऱ्यानं हे केलं, तो कसा होता माहीत आहे? ओबडधोबड, बिनरंगाचा, फिरताना घरघर करणारा. माझ्या निम्म्यानंही वेळ तो फिरत नसे!

रडत रडत मी ती शकलं घेऊन गावातल्या सुतारमामांकडं गेलो. मामांनी एक शकल उजेडात धरलं.

"हे बघ, रेषा कशा हायेत?"

"उभ्या."

"मग? सरपण फोडताना कुऱ्हाड कुठं घालतात?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. भोवरा कातताना लाकडाचे तंतू वरपासून खालपर्यंत उभे ठेवतात. त्यामुळं डोक्यावर बसलेली आर ही ओंडक्यात घातलेली छोटी पाचरच असते. खालून आपली स्वतःची आरही पाचरीसारखीच आत घुसलेली असते. सरळ तंतूंचं हलकं लाकूड असेल तर ते फाटणारच. बाभळीचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून तर बैलगाडीची चाकं आणि नांगर बाभळीचे करत. तो घरघऱ्या भोवरा बाभळीचाच होता.

मामा म्हणाले, "तुझा भवरा बघायला चांगला होता रे. मार खायला नव्हता."

या एका वाक्यात सगळी मेख आहे. जपानमध्ये बेइगोमा नावाचे छोटे लढाऊ भोवरे होते. पूर्वी ते शंखांपासून बनत, पुढं ओतीव धातूचे झाले. तिथली पोरं ते कानशीनं घासून जास्त बुटके आणि धारदार करत. त्यांच्यावरूनच १९९९ साली ताकारा कंपनीनं बेब्लेड काढले आणि थोड्याच वर्षांत ते आपल्याकडच्या टीव्हीवर आणि दुकानांतही आले. त्यांच्यात हल्ल्याचे, बचावाचे आणि जास्त वेळ टिकणारे असे वेगवेगळे प्रकार असतात. एकच भोवरा सगळ्यांत पहिला येत नाही, हे त्यांनी खोक्यावरच कबूल केलेलं असतं! चपट्या बुडाचा बेब्लेड मैदानभर सैरावैरा धावतो, धडका देतो आणि लवकर दमतो. टोकदार बुडाचा मध्यावर शांत उभा राहतो, कारण त्याचा जमिनीला स्पर्श कमी आणि म्हणून घर्षणही कमी. तुमच्या आरीचंही तसंच आहे. बोथट आर भटकते, टोकदार आर झोपते. पण आर फार लांब ठेवली तर भोवऱ्याचा भार उंचावर जातो आणि वेग जरा कमी झाला की तो डुलायला लागतो.

वजनाचीही अशीच गंमत आहे. तेवढंच वजन मध्याजवळ न राहता कडेला असलं, तर एकदा घेतलेली गती भोवरा लवकर सोडत नाही. पण ती गती द्यायला हाताला जोर जास्त लागतो. म्हणून मोठ्या दादाचा भोवरा तुमच्या हातात मुळूमुळू फिरला, तर त्यात भोवऱ्याचा दोष नाही.

आता मामांनी शिकवलेली युक्ती सांगतो. लाकडी भोवरा बादलीभर पाण्यात सोडा. बोटानं अलगद गिरकी द्या आणि थांबू द्या. असं चार-पाचदा करा. दरवेळी तीच बाजू खाली येत असेल, तर ती बाजू जड आहे. फिरताना येणारी घरघर बहुतेक वेळा तिचीच. (बहुतेक वेळा म्हणालो, कारण आर तिरकी बसली असली तरी भोवरा घरघरतो. ती आधी बघा.) जड बाजू पॉलिश पेपरनं थोडी थोडी घासा आणि पुन्हा बुडवून बघा. नंतर लगेच पुसा, नाहीतर लाकूड फुगेल.

किती वेळ फिरतो ते मोजताना एक लबाडी आपण सगळेच करतो. सर्वांत चांगली फेक तेवढी लक्षात ठेवतो! त्यापेक्षा पाच वेळा फेका, घड्याळ लावा, पाचही आकडे चढत्या क्रमानं लिहा आणि मधला, म्हणजे तिसरा आकडा खरा धरा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. आज फक्त जाळी लांब घ्या, उद्या फक्त आर घासा. दोन्ही एकदम बदललंत, तर कशानं फरक पडला ते कळायचं नाही.

आई-बाबांना एक विनंती : आर ठोकण्याचं काम तुम्ही करून द्या. आधी बारीक भोक पाडलंत तर लाकूड चिरत नाही. आणि फेकणाऱ्यासमोर कुणी उभं राहणार नाही, एवढं बघा.

मामांनी मला बाभळीचा भोवरा कातून दिला. तो घरघरायचा. दोन आठवडे मी तो घासत आणि बुडवत होतो. घरघर कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. पुढं रिंगणात त्यानं गुच्चे खाल्ले, मी मोजले ते सतरा. फुटला मात्र नाही. त्याची आर मामांनी नवी घातली नव्हती. उरुसातल्या भोवऱ्याच्या शकलातून पक्कडीनं उपसून तीच याला ठोकली होती.