गुन्ह्याची गोष्ट कीं नगराची?

गुन्ह्यांच्या गोष्टी ऐकण्याची हौस मनुष्यजातीस फार जुनी आहे. रात्रीं खून होतो, सकाळीं चतुर गुप्तहेर येतो, चिखलांतील पावलावरून खुन्यास हुडकून काढतो आणि वाचक निर्धास्तपणें दिवा मालवून झोंपीं जातो. या कथांचें सुख गांठ सुटण्याचें असतें. गुन्हेगार सांपडला, आतां जग पूर्वीसारखें नीट झालें, असें मानावयास आपण मोकळे होतों. पण आज मी ज्या अमेरिकन मालिकेविषयीं बोलणार आहें, तिच्यांत गुन्हेगार कोण हें आरंभींच कळतें, शेवटीं गांठ सुटत नाहीं आणि जग तर मुळींच नीट होत नाहीं. तरीही ज्यांनीं ती पाहिली ते इतरांच्या मागें लागून त्यांस ती पाहावयास लावतात. असें कां व्हावें, हें थोडक्यांत उलगडून सांगण्याचा विचार आहे.

मालिकेचें नांव 'द वायर'. अमेरिकेच्या मेरिलँड राज्यांत बाल्टिमोर नांवाचें जुनें बंदर आहे. तेथें ही कथा घडते. एच्. बी. ओ. या केबल वाहिनीवर ती २ जून २००२ रोजीं सुरू झाली व ९ मार्च २००८ रोजीं संपली. एकंदर भाग ५ आणि प्रकरणें ६०. तिचा कर्ता डेव्हिड सायमन हा 'बाल्टिमोर सन' या दैनिकाचा गुन्हेविषयक बातमीदार होता. त्याचा सहकारी एड बर्न्स हा त्याच शहरांतील पोलिस अंमलदार, आणि ती नोकरी संपल्यावर शाळाशिक्षक. १९८४ सालीं बर्न्सनें मेल्विन विल्यम्स नांवाच्या हेरॉइनच्या एका बड्या व्यापाऱ्यास पकडलें. १९८७ सालीं सायमननें त्याच्यावर लेखमाला लिहिली. आणि शिक्षा भोगून सुटलेल्या त्याच विल्यम्सनें पुढें या मालिकेंत चर्चमधील एका धर्मसेवकाची भूमिका केली. पकडणारा, लिहिणारा आणि पकडला गेलेला असे तिघेही एकाच कथेच्या कामीं लागावे, हें विरळेंच.

असली कथा केबलवरच कां निघाली, यासही कारण आहे. ज्या वाहिन्या जाहिरातींवर जगतात, त्यांस साबण विकणाऱ्यांची मर्जी राखावी लागते आणि जाहिरातीच्या वेळीं प्रेक्षक उठून जाऊं नये म्हणून क्षणोक्षणीं उत्कंठेचा गळ टाकावा लागतो. एच्. बी. ओ. वर जाहिराती नसत. वर्गणीदार दरमहा पैसे भरीत, त्यांवर तिचा संसार चाले. शिवाय अमेरिकेंत असभ्य भाषेविषयींचे सरकारी निर्बंध हवेंतून सर्वांस फुकट मिळणाऱ्या प्रक्षेपणास लागूं आहेत. केबलला ते तसे लागूं नाहींत. म्हणून लेखकांस पात्रांच्या तोंडीं गल्लींतील खरी भाषा घालतां आली, आणि कथा सावकाश, कादंबरीच्या गतीनें मांडतां आली.

'वायर' म्हणजे संभाषण चोरून ऐकण्याची तार. पहिल्या भागांत पोलिस मादक द्रव्यें विकणाऱ्या बार्क्सडेल टोळीचे निरोप टिपूं पाहतात. टोळीचीं माणसें पेजर वापरतात आणि टेलिफोनचे आंकडे सांकेतिक रीतीनें पाठवितात. त्या संकेताची किल्ली सांपडते ती प्रेझबिलेव्स्की नांवाच्या, रस्त्यावरील कामास नालायक ठरलेल्या एका पोलिसास. टेलिफोनच्या कळा डोळ्यांपुढें आणा. त्यांच्या मधोमध ५ आहे. प्रत्येक आंकड्याऐवजीं ५ च्या पलीकडे समोर असलेला आंकडा घ्यावयाचा: १ साठीं ९, २ साठीं ८, ३ साठीं ७, ४ साठीं ६, आणि उलटही तसेंच, ५ व ० यांची आपसांत अदलाबदल. शाळेची पायरी क्वचितच चढणाऱ्या पोरांस ही युक्ति सहज जमते. मालिकेचा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. ही बुद्धि त्या गल्लींत राबते, मग ती वर्गांत कां राबत नाहीं?

याच भागांत एक प्रसंग आहे. टोळींतील दोन पोरें बुद्धिबळाचा पट मांडून त्यावर भलताच सोपा खेळ खेळत असतात. डी'अँजेलो हा त्यांचा तरुण मुकादम त्यांस खरे नियम शिकवितो. राजास सर्वांनीं वांचवावयाचें. प्यादीं पुढें असतात आणि लवकर मरतात. एका पोराचें लक्ष मात्र पलीकडच्या टोंकास पोंचलेल्या प्याद्याचा वजीर होतो, एवढ्याच गोष्टीकडे लागतें. त्याच भागाच्या अखेरीस त्या दोघांपैकीं धाकट्यास ठार मारण्याचा हुकूम सुटतो, आणि तो अंमलांत आणावयास जो जातो तो पटाशीं त्याच्या जोडीस बसलेला हा दुसराच पोरगा!

पुढील भागांत कथेची दृष्टि गल्लीबाहेर सरकते. दुसऱ्यांत बंदरावरील काम नाहींसें होत चाललेले मजूर, तिसऱ्यांत नगराचें राजकारण, चौथ्यांत शाळा आणि पांचव्यांत वर्तमानपत्र. आरंभींचें गीत पांचही भागांत एकच, पण दर वेळीं गाणारा गळा निराळा. चौथ्यांत तें बाल्टिमोरच्याच मुलांनीं गाइलें आहे.

माझ्यासारख्या शाळामास्तरास चौथा भाग विशेष जवळचा वाटावा, यांत नवल नाहीं. तोच प्रेझबिलेव्स्की आतां पोलिसखातें सोडून शाळेंत गणित शिकवूं लागतो. मुलें प्रथम त्यास दाद देत नाहींत. पण फांसे हातीं दिल्यावर संभाव्यतेचें गणित आवडीनें करूं लागतात. इतक्यांत परीक्षा जवळ येते आणि वरून हुकूम सुटतो कीं, आतां परीक्षेंत यावयाचे तसलेच प्रश्न घोकून घ्या, म्हणजे शाळेचे आंकडे सुधारतील. त्यास आपल्या जुन्या खात्याची आठवण होते. तेथेंही जबरी चोरीची नोंद साधी चोरी म्हणून केली कीं कागदावर गुन्हे घटत! निकालाचा शेंकडा आणि मुलाचें ज्ञान या दोन निराळ्या वस्तू आहेत, हें कोणत्याही शिक्षकास ठाऊक असतें. तें इतक्या स्वच्छपणें दाखविलेलें मीं इतरत्र पाहिलें नाहीं. या भागांतील चार मुलांपैकीं एकटाच तरतो. त्यास शाळेची कोणतीही योजना तारीत नाहीं. एक निवृत्त पोलिस अधिकारी त्यास आपल्या घरीं नेतो, म्हणून तो तरतो.

मालिका चालूं असतां तिला प्रेक्षक थोडे होते, आणि एमी पारितोषिक एकदांही मिळालें नाहीं. कीर्ति मागाहून आली. बराक ओबामा यांनीं ही आपली आवडती मालिका असल्याचें सांगितलें, आणि २०१५ सालीं सायमनला व्हाइट हाउसमध्यें बोलावून मादक द्रव्यांविषयींच्या कायद्यांवर त्याच्याशीं चर्चा केली. २०११ सालीं त्या देशाचे ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनीं थट्टेनें आणखी एक भाग काढण्याचा हुकूमच सोडला. सायमननें उलट कळविलें कीं, न्यायखातें मादक द्रव्यांविरुद्ध चालविलेल्या युद्धाचा फेरविचार करील, तर आपणही नव्या भागाचा विचार करूं. २०२१ सालीं बी. बी. सी. नें समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हां एकविसाव्या शतकांतील मालिकांत पहिलें नांव हिचेंच आलें.

आक्षेपही आहेत. शहरास काळें फांसलें, अशी तक्रार बाल्टिमोरच्या कांहीं अधिकाऱ्यांनीं केली. शिव्या आणि रक्तपात इतका आहे कीं, लहान मुलांदेखत ही मालिका लावूं नये, असेंच मी सांगेन. याहून वजनदार आक्षेप निराळा आहे. सायमन स्वतः आपल्या कथेची तुलना ग्रीक शोकांतिकेशीं करतो. देवांच्या जागीं त्यानें संस्था बसविल्या आहेत. मग सारें दैवाधीनच ठरलें, आणि प्रेक्षकानें हात जोडून बसावें कीं काय? मला तसें वाटत नाहीं. देवांचे नियम मनुष्यास पुसतां येत नाहींत. पोलिसखात्याचे आणि शाळाखात्याचे नियम माणसांनीं लिहिलेले असतात, आणि कोणी, कशासाठीं लिहिले तें ही कथा प्रकरणामागून प्रकरण दाखवीत जाते. जाणत्या प्रेक्षकांस तिची जी गोडी लागते ती याचीच असावी. ती पाहून उठलेला मनुष्य 'गुन्हे घटले' किंवा 'निकाल वाढला' ही वर्तमानपत्रांतील ओळ पूर्वीसारखी भरभर वाचून पुढें जात नाहीं. मोजलें कोणी, आणि कशाचें नांव बदलून मोजलें, एवढें तो विचारतो.