पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा?

२००२ साली इंग्लंडमधील सरे परगण्यातून १३ वर्षांची शाळकरी मुलगी बेपत्ता झाली. आई-वडील तिच्या फोनची वाट पाहत होते. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिकाची माणसे तिच्या मोबाईलवरील निरोप चोरून ऐकत होती. पुढे तिचा खून झाल्याचे उघड झाले. २०११ मध्ये ‘गार्डियन’ने ही चोरी उजेडात आणली आणि १६८ वर्षांचे ते साप्ताहिक आठवडाभरात बंद पडले.

असे निरोप ऐकणे तेव्हाही गुन्हाच होता. पण २००६ मध्ये हाती लागलेल्या ११ हजार पानांच्या नोंदी पोलिसांनी नीट तपासल्याच नाहीत. काही पोलीस तर वृत्तपत्रांना माहिती विकत होते.

२०१२ मध्ये न्यायमूर्ती लेव्हसन यांनी वृत्तपत्रांसाठी स्वतंत्र नियामक सुचवला. लगाम सरकारच्या हाती गेला तर सत्तेला जाब कोण विचारणार, ही संपादकांची भीती खोटी नाही. मात्र पोलीस आणि वृत्तपत्रांच्या साटेलोट्याची चौकशी दुसऱ्या टप्प्यात व्हायची होती. ती सरकारने २०१८ मध्ये रद्दच केली.

बातमी ही अमानत आहे. दुसऱ्याच्या घरातले दुःख चवीने वाचताना ते आपल्यापर्यंत कसे आले, हे वाचकानेही विचारायला हवे.