वस्तू-अभिकल्प : सर्जनप्रक्रिया व प्रेरणास्रोत

नित्योपयोगी वस्तूचा आकार, रचना, द्रव्य व निर्मितिपद्धती यांच्या पूर्वयोजनेस वस्तू-अभिकल्प म्हणतात. गरजेचे निरीक्षण, मर्यादांचा विचार, आराखडे, नमुनाकृती, प्रत्यक्ष वापरातील चाचणी व सुधारणा हे या प्रक्रियेचे प्रमुख टप्पे होत. ते क्रमाने एकदाच घडत नाहीत; चाचणीत दोष आढळल्यास अभिकल्पकास पुन्हा निरीक्षणाकडे वळावे लागते.

परंपरेने घडत आलेली वस्तू हा प्रेरणेचा एक मोठा स्रोत होय. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला १९५८ मध्ये सादर केलेल्या अहवालात तांब्याचा (लोट्याचा) आदर्श म्हणून गौरव केला. तांब्याचा कोणी एक कर्ता नाही; पाणी भरणे, वाहणे, ओतणे व घासणे या गरजांतून पिढ्यान्‌पिढ्या त्याचा आकार सिद्ध झाला.

शेतीच्या अवजारांतही हेच दिसते. ढाणकी (ता. उमरखेड, जि. यवतमाळ) हे कापूस पिकविणाऱ्या प्रदेशातील गाव. अशा प्रदेशातील काळी जमीन ओली असता फुगते व अवजारास चिकटते. सुकली की कठीण होऊन तिला भेगा पडतात. वखर, तिफण व डवरा ही विदर्भातील अवजारे अशा जमिनीशी व बैलांच्या ताकदीशी जुळवून गावच्या सुतार-लोहारांनी घडविली. तिफणीच्या फणांतील अंतर व डवऱ्याच्या पासेची लांबी यांचा मेळ न बसल्यास तणाबरोबर पीकही कापले जाते. म्हणून येथे चुकीच्या अभिकल्पाची किंमत शेतकऱ्यास हंगामाने मोजावी लागते.

यंत्रयुगातील महाराष्ट्राचे ठळक उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांचे होय. ते चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु अंशतः रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडून यंत्ररेखनाकडे वळले. बेळगाव येथे त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र व १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर माती केवळ उकरतो. लोखंडी नांगराचा वक्र पंख ती उलथवितो. तथापि लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे विक्री सुरू होण्यास सुमारे दोन वर्षे लागली. वापरणाऱ्याचा विश्वास हाही अभिकल्पाचा एक घटक असतो, हे यावरून स्पष्ट होते. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या साहाय्याने कारखाना सध्याच्या किर्लोस्करवाडीस (जि. सांगली) हलविण्यात आला.

या विषयाच्या पद्धतशीर शिक्षणासाठी अहमदाबाद येथे १९६१ मध्ये राष्ट्रीय अभिकल्प संस्था आणि पवई (मुंबई) येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र स्थापन झाले. पवईच्या केंद्राच्या उभारणीत जर्मनीतील उल्म येथे शिक्षण घेतलेल्या सुधाकर नाडकर्णी यांचा प्रमुख वाटा होता. शिक्षणाने रेखन, द्रव्यज्ञान व चाचणीची शिस्त लाभते. परंतु वस्तूची अंतिम परीक्षा वापरणाऱ्याच्या हातीच होते.