कायद्याचं शिक्षण: हिशेब आठ वर्षांचा

विधी शाखेचा पसंतीक्रम भरायची वेळ आली की घरात दोन आकडे फिरू लागतात: कॉलेजचा देशातला क्रमांक आणि वर्षाची फी. दोन्ही महत्त्वाचेच. पण वकिली हा उशिरा हात देणारा व्यवसाय आहे, आणि तो उशीर या दोन आकड्यांत कुठेच दिसत नाही. कोर्टात उभं राहू पाहणाऱ्या मुलामुलींची पहिली तीनेक वर्षं सिनियरमागे फायली घेऊन फिरण्यात, तारखा घेण्यात, अर्जांचे मसुदे करण्यात जातात. त्या काळात हाती येणाऱ्या पैशांत खोलीभाडं आणि जेवण भागलं तरी पुष्कळ. म्हणून बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम निवडताना खर्चाचा कागद आठ वर्षांचा मांडावा, असा माझा आग्रह आहे.

ज्यांना न्यायाधीश व्हायचं आहे, त्यांचीही यातून सुटका नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिलेल्या निकालाप्रमाणे दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदाच्या यापुढच्या भरतीत किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आली आहे. पदवी घेतली, क्लास लावला आणि थेट परीक्षेला बसलो, हा मार्ग बंद झाला. ही तीन वर्षं कुठल्या गावी, कोणाच्या चेंबरमध्ये आणि कशाच्या जोरावर काढायची, याचं उत्तर बऱ्याच अंशी कॉलेज निवडतानाच ठरून जातं.

एक हिशेब करून पाहू. राष्ट्रीय विधी विद्यापीठात शुल्क, वसतिगृह, जेवण मिळून वर्षाला ३ लाख रुपये धरा. बऱ्याच विद्यापीठांचा आकडा अडीच ते चार लाखांच्या दरम्यान असतो, तेव्हा हा मधला. पाच वर्षांचे १५ लाख झाले. ते सगळे कर्जाने उभे केले आणि व्याज १० टक्के धरलं, तर शिकत असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या उचलीपासून चढत राहतं. पहिल्या वर्षीच्या ३ लाखांवर सहा वर्षांचं, शेवटच्या ३ लाखांवर दोन वर्षांचं, अशी सरळव्याजाने बेरीज ६ लाखांवर जाते. हप्ता सुरू होतो तेव्हा देणं २१ लाखांचं असतं. ते दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे २७,७५० रुपये, आणि पंधरा वर्षांत फेडायचं तर सुमारे २२,५५० रुपये.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४मध्ये काढलेल्या परिपत्रकात नव्या वकिलांना शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावं, असं म्हटलं आहे. तीही शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणजे शिफारशीतली पूर्ण रक्कम मिळाली आणि त्यातला एक रुपयाही खर्च केला नाही, तरी कर्जाचा हप्ता भरत नाही.

या तफावतीचा परिणाम सरळ आहे. लातूरच्या किंवा अलिबागच्या कोर्टात वकिली करायची म्हणून कायद्याकडे वळलेली मुलगी पाचव्या वर्षी मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्मच्या मुलाखतींच्या रांगेत उभी राहते, कारण हप्ता तिथेच फिटणार असतो. कंपन्यांच्या कायद्याची मनापासून आवड असेल तर यात काहीच वाईट नाही. त्या कामासाठी राष्ट्रीय विधी विद्यापीठाइतकी चांगली जागा नाही, आणि तिथलं कर्ज फिटतंही. माझी चिंता आहे ती, ज्यांची निवड त्यांच्याऐवजी कर्जाने केली त्यांच्याबद्दल. साध्या माणसाचा खटला चालवणारा चांगला वकील जिल्हा कोर्टांना नेमका इथेच गमवावा लागतो.

मग फी कमी तिथे जावं, असं उत्तर सुचतं. तेही अपुरं आहे. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय घ्या. १८५५पासूनची परंपरा, १९३५मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जिथे प्राचार्य झाले ती संस्था, आणि वर्षाची फी काही हजारांत. पण बाहेरगावच्या विद्यार्थ्याला वसतिगृह मिळालं नाही आणि राहण्या-जेवण्याला महिना १५ हजार धरले, तर वर्षाचे १ लाख ८० हजार आणि पाच वर्षांचे ९ लाख होतात. डोंबिवलीच्या किंवा विरारच्या मुलाला हेच शिक्षण लोकलच्या पासात पडतं. एकच कॉलेज, तीच फी, आणि दोन घरांच्या खर्चात लाखोंचा फरक! म्हणून 'स्वस्त कॉलेज कुठलं' या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असं उत्तर नाही. आपल्या घरापासून स्वस्त कुठलं, एवढंच विचारता येतं.

त्या ९ लाखांच्या बदल्यात काय मिळतं, हेही बघायला हवं. चर्चगेटच्या या कॉलेजातून ओव्हल मैदान ओलांडलं की उच्च न्यायालय. तास आटोपून एखाद्या वकिलाच्या चेंबरमध्ये दुपार काढता येते, आणि हे पाच वर्षं करता येतं. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप लागते. पण सुट्टीत चार आठवडे येऊन गेलेला विद्यार्थी आणि रोज दिसणारा विद्यार्थी यांत सिनियर फरक करतात. सनद मिळाल्यावर 'ये उद्यापासून' असं ज्याला म्हटलं जातं, तो बहुधा आधीपासून दिसत आलेला असतो. नागपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा परिसर शहराबाहेर वारंग्याला आहे. ग्रंथालय, वसतिगृह, मूट कोर्ट यांसाठी तो उत्तम. मात्र रोज संध्याकाळी चेंबरला जायचं असेल, तर तिथलं अंतर आधी मोजून घ्यावं.

'ठिकाण' म्हणताना आपण हवा, सुरक्षितता, घरापासूनचं अंतर बघतो. कायद्याच्या विद्यार्थ्याने न्यायालयांचा नकाशा बघावा. मुंबई उच्च न्यायालयाचं मुख्यपीठ मुंबईत. खंडपीठं नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात पर्वरीला. कंपनी कायदा आणि शेअर बाजाराशी निगडित बरेचसे लवाद मुंबईत. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात. नद्या, डोंगर, खाणी यांच्या प्रश्नांवर काम करू इच्छिणाऱ्याला पुण्याचं कॉलेज निवडायला हे एक कारणही पुरेसं आहे. गोव्यात कौटुंबिक आणि वारसाहक्काच्या बाबतींत पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता आजही चालते. पणजीत किंवा मडगावात वकिली करायची असेल, तर मिरामारच्या साळगावकर महाविद्यालयात किंवा मडगावच्या कारे महाविद्यालयात शिकण्याला पुण्या-मुंबईचा पर्याय पुरा पडत नाही.

आणि हा नकाशा नुकताच बदलला आहे. चार दशकांच्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे चालतात. कालपर्यंत कुडाळच्या किंवा जतच्या मुलाला उच्च न्यायालयात काम करायचं तर मुंबईचं भाडं भरणं भाग होतं. आता कोल्हापूरच्या शहाजी विधी महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी उच्च न्यायालयाचं कामकाज तास संपल्यावर पाहू शकतो. तिथे नव्या वकिलांची गरज वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. या सहा जिल्ह्यांतल्या पालकांनी जुन्या सल्ल्यावर विसंबून राहू नये, असं मला कळकळीने वाटतं.

भाषेचा मुद्दाही ठिकाणाशीच जोडलेला आहे. राष्ट्रीय विद्यापीठांसाठीची क्लॅट फक्त इंग्रजीत होते, राज्याची विधी सीईटी मराठीतही देता येते. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. सातबारा, फेरफार, खरेदीखत वाचणं, साक्षीदाराची उलटतपासणी मराठीत घेणं हे कौशल्य आहे आणि ते शिकावं लागतं. उच्च न्यायालयात मात्र इंग्रजीशिवाय पान हलत नाही. आपलं इंग्रजी कच्चं असेल तर ते पक्कं करणारं कॉलेज, आणि इंग्रजी माध्यमात वाढलो असू तर मराठी कागदपत्रांची सवय लावणारं वातावरण, असा विचार करायला हवा.

आता शिष्यवृत्त्यांकडे येऊ, कारण सर्वांत जास्त नुकसान इथल्या अर्धवट माहितीने होतं. राज्याच्या योजनांत मदत किती मिळणार यापेक्षा प्रवेश कोणत्या वाटेने झाला, हे आधी तपासलं जातं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या विद्यार्थ्याला शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम मिळते. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना, उत्पन्नाची तीच मर्यादा ठेवून, व्यावसायिक अभ्यासक्रमांत हे शुल्क पूर्ण माफ झालं. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश चालत नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. एखादी मुलगी तिसऱ्या राउंडची वाट न पाहता घाईने व्यवस्थापन कोट्यात जागा घेते, तेव्हा ती पाच वर्षांची शुल्कमाफी सोडून देत असते, आणि त्या खिडकीवर हे तिला कोणी सांगत नाही.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, त्यापुढे फ्रीशिप. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्याचा खर्च मिळतो. अनुसूचित जमातींसाठी तशीच स्वयम् योजना आहे, आणि आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. शुल्कमाफी आणि राहण्याचा भत्ता हे दोन वेगळे अर्ज आहेत, हे बऱ्याच घरांत दुसऱ्या वर्षी कळतं. शिवाय पैसे अनेकदा वर्ष सरता सरता खात्यात येतात. तोवरची फी आणि भाडं कशातून भरायचं, याची तजवीज आधीच हवी. कॉलेज स्वतः शिष्यवृत्ती देत असेल तर ती पाचही वर्षं चालते का, एटीकेटी लागली तर बंद होते का, आणि ती फक्त शिकवणी शुल्कावर आहे की एकूण रकमेवर, हे लेखी विचारावं. तोंडी आश्वासनावर सही करू नये. हा कायद्याच्या अभ्यासाचा पहिला धडा समजायला हरकत नाही.

राष्ट्रीय विद्यापीठांची दारं गरीब विद्यार्थ्याला बंद आहेत, असं मात्र मुळीच नाही. महाराष्ट्रातल्या तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांत राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा आहेत. प्रा. शमनाद बशीर यांनी २०१०मध्ये सुरू केलेली 'इडिया' ही चळवळ वंचित घरांतल्या मुलांना क्लॅटची तयारी करून देते आणि पुढच्या शिक्षणालाही आधार देते. पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत व्याजात ३ टक्के सवलत आहे. संस्था योजनेच्या यादीत असावी लागते. पूर्ण शिष्यवृत्ती मिळत असेल तर तिथे जरूर जावं. निम्मीच मिळत असेल, तर वरचा हप्त्याचा हिशेब आपल्या आकड्यांनी पुन्हा करावा.

गावाजवळच्या कॉलेजात शिकलं की मोठं होता येत नाही, ही भीतीही मनातून काढून टाकावी. अलीकडचे सरन्यायाधीश भूषण गवई अमरावतीत कायदा शिकले, शरद बोबडे नागपुरात. यशवंतराव चंद्रचूड पुण्याच्या आयएलएस महाविद्यालयाचे आणि उदय लळित मुंबईच्या शासकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. जवळचं कॉलेज निवडताना ते बार कौन्सिलच्या मान्य यादीत आहे का, आणि तास खरोखर होतात का, एवढं मात्र स्वतः जाऊन पाहावं. नियमाने ७० टक्के हजेरी लागते. जिथे ती कागदावरच भरली जाते, तिथली कमी फीसुद्धा महाग पडते. सनदेचा खर्च मात्र आता हलका झाला आहे: ३० जुलै २०२४च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या बार कौन्सिलना ७५० रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घ्यायला मनाई केली, अनुसूचित जाती-जमातींसाठी ते १२५ रुपये आहे.

आणि मनासारखं कॉलेज किंवा शिष्यवृत्ती यंदा जमलीच नाही, तर दुसरी वाट आहे. घरी राहून बीए किंवा बीकॉम करावं आणि मग तीन वर्षांच्या एलएलबीला जावं. एकूण एक वर्ष जास्त लागतं, पण बाहेरगावच्या भाड्याची वर्षं पाचांवरून तीनांवर येतात, आणि अठराव्या वर्षी न समजलेली आपली आवड एकविसाव्या वर्षी बरीच स्पष्ट झालेली असते. मुंबईचं शासकीय महाविद्यालय, पुण्याचं आयएलएस, अत्यल्प फीचा दिल्ली विद्यापीठाचा विधी विभाग हे सगळे या वाटेवर भेटतात. २०२२पासून बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानेही तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला आहे.