डासाला ताप का येत नाही?

डेंग्यूचा रोगी तापाने फणफणतो, त्याचे अंग ठणकते. कधी जिवावरही बेतते. हा रोग प्रामुख्याने पसरवते ती 'एडीस इजिप्ती' जातीच्या डासाची मादी. रोग्याच्या रक्ताबरोबर विषाणू तिच्या पोटात जातात, तेथे वाढतात आणि साधारण ८ ते १२ दिवसांत तिच्या लाळेत उतरतात. मग मरेपर्यंत ती रोग पसरवू शकते. पण स्वतः मात्र खुशाल उडत असते! असे का बरे?

आपल्या शरीरात विषाणू शिरला की रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. डासाजवळ प्रतिपिंडे नाहीत. त्याची मदार त्याच्या जनुकांवर. प्रथिने कशी बनवायची याची माहिती जनुकांत साठवलेली असते. पेशीत अशी हजारो जनुके असतात. पण सगळी एकाच वेळी काम करीत नाहीत. कोणते जनुक केव्हा कामाला लागावे, हे ठरण्याच्या क्रियेला जनुकांचे नियमन म्हणतात.

डासाच्या पेशीत 'रेल-१' नावाचे प्रथिन असते. संरक्षक जनुके जागी करणे हे त्याचे काम. एरवी 'कॅक्टस' नावाचे दुसरे प्रथिन त्याला केंद्रकाबाहेर अडकवून ठेवते; ताणलेल्या स्प्रिंगला खिटी लावावी, तसे. संसर्गाची चाहूल लागताच निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे पोचतो आणि कॅक्टसचा नाश होतो. मोकळे झालेले रेल-१ केंद्रकात शिरते व ठराविक जनुकांना कामाला लावते. या साखळीला 'टोल' मार्ग म्हणतात.

हे कशावरून? अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी डासांतील कॅक्टसचे जनुक निष्प्रभ केले. खिटी निघाली आणि पोटातील डेंग्यूचे विषाणू घटले! उलट, निरोप पोचवणाऱ्या एका प्रथिनाचे जनुक निष्प्रभ केले, तेव्हा विषाणू वाढले. हे प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाले.

डासाजवळ आणखी एक शस्त्र आहे. डेंग्यूच्या विषाणूची जनुकीय माहिती आर.एन.ए.च्या एकेरी धाग्यावर असते. त्याच्या नकला निघताना धागा दुपदरी होतो. 'डायसर-२' हे प्रथिन तो ओळखून त्याचे २१ घटकांचे बारीक तुकडे करते. असा तुकडा नमुना म्हणून घेऊन 'अर्गोनॉट-२' हे प्रथिन जुळणारे धागे शोधते व कापून टाकते.

तरीही विषाणू समूळ नष्ट होत नाही. तो आटोक्यात राहतो आणि डास जगतो. हा समतोलच आपल्याला महागात पडतो. डास लगेच मेला असता, तर रोगाची वाटही तेथेच खुंटली असती.

हा तोल बदलता येईल का? 'वोल्बाकिया' हा जीवाणू अनेक कीटकांच्या पेशींत राहतो. प्रयोगशाळेत तो एडीस इजिप्तीच्या शरीरात घातला, तेव्हा टोल मार्गाची जनुके जागी झाली आणि डेंग्यूच्या विषाणूची वाढ रोखली गेली. इंडोनेशियातील योग्यकर्ता शहराच्या काही भागांत असे डास सोडण्यात आले. इतर भागांच्या तुलनेत तेथे डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी आढळले, असे २०२१ साली जाहीर झाले.

म्हणजे डासाला विषाणूपासून वाचवले, तर माणूसही वाचतो! पण अशा डासांची वाट पाहत बसू नका. घरातील पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून कोरडी करा. हे काम तुमच्याच हातात आहे.