हुमणीचा भुंगा वेळ कशी ओळखतो?



ऑगस्ट-सप्टेंबरात ऊस पिवळा पडतो, बेट ओढले की अलगद हातात येते आणि मुळाशी हुमणी सापडते. तोवर फार उशीर झालेला असतो. म्हणून आम्ही तिच्या भुंग्याबद्दल आधीच सांगत आहोत.

हिवाळ्यापासून जमिनीत पडून राहिलेला भुंगा मे-जूनमध्ये वळवाच्या पहिल्या चांगल्या पावसाने माती भिजली की जागा होतो. तरी दिवसा तो वर येत नाही. दिवस मावळून अंधारू लागले की भुंगे एकदमच निघतात, बांधावरच्या कडुलिंब, बाभूळ, बोरीवर जमतात, पाला खातात, नर-मादीचे मीलन होते आणि उजाडायच्या आत पुन्हा मातीत शिरतात. त्यांच्या अंगात जणू घड्याळच असते. उजेड-अंधाराप्रमाणे ते रोज जुळते.

हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. तेव्हा पहिल्या पावसापासून रोज संध्याकाळी सात-आठच्या सुमारास फांद्या हलवून भुंगे पाडावेत व रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवावेत. मादीने जमिनीत अंडी घातल्यावर धावपळ करून काय उपयोग? आणि हे एकट्याचे काम नव्हे. शेजारच्या बांधावरचा भुंगा आपल्या उसात यायला वेळ लागत नाही. सगळ्या शिवाराने मिळून एकाच वेळी हे करावे, ही आमची विनंती.